पाठ

ज्युदोच्या पहिल्या महिन्यात आम्ही कुणाला पाडलं नाही, नुसते पडत राहिलो. नाशिकच्या आमच्या शाळेचा हॉल, जागोजागी उसवलेल्या मॅट आणि सरांचा आवाज: "हनुवटी छातीला! हात आपट!" पाठीवर पडायचं, तळहात मॅटवर फाडकन मारायचा, उठायचं, पुन्हा पडायचं. घरी आईने विचारलं, "काय शिकलीस?" म्हटलं, "पडायला." त्यासाठी फी कशाला भरायची, हे तिला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही.

मग सर म्हणू लागले, "पाठ दे! पूर्ण पाठ दे तिला!" सेओई-नागे शिकवत होते. समोरच्या मुलीची बाही आणि कॉलर धरायची, तिला पुढे ओढून तिचा तोल घालवायचा, गर्रकन फिरून तिच्या पोटाला आपली पाठ लावायची, गुडघे वाकवून खाली शिरायचं आणि तिला खांद्यावरून पलीकडे टाकायचं. कुस्तीतला धोबीपछाड याच कुळातला. मराठीत पाठ दाखवणं म्हणजे पळ काढणं; इथे पाठ दिल्याशिवाय डावच होत नव्हता. समोरच्या मुलीची पाठ वेगात, जोरात मॅटला लागली की इप्पोन, लढत संपली. आपल्या चितपटचीच ही बहीण. काळा पट्टा मिळेपर्यंत माझं अंग विचार न करता फिरायला लागलं होतं. डाव पाठ झाला होता म्हणा ना.

नोकरीने टोकियोला आणलं. निशी-कासाईत घर घेतलं. तिथे इतके भारतीय राहतात की कोथिंबीर शोधत हिंडावं लागत नाही. ज्युदोच्या क्लबात एक मैत्रीण झाली. ती रविवारी सुमो खेळायची. "ये एकदा," म्हणाली. बायकांचं सुमो? व्यावसायिक सुमोच्या दोह्योवर, म्हणजे मातीच्या आखाड्यावर, बाईने पाऊल टाकलेलं आजही चालत नाही. ऱ्योगोकूच्या कोकुगिकान स्टेडियममध्ये वरच्या खुर्चीवर बसून मी तो गोल पाहिला होता, तेवढंच. हौशी सुमोचं जग मात्र निराळं आहे. तिथे वजनगट आहेत, आणि 2001 पासून बायकांच्या जागतिक स्पर्धाही आहेत. आपल्या मुंबईच्या हेतल दवे ज्युदोतूनच सुमोत गेल्या आणि 2009 मध्ये तैवानमधल्या काओशुंगच्या वर्ल्ड गेम्समध्ये खेळल्या. मुंबईत दोह्यो नाही, म्हणून त्या ओव्हल मैदानावर सराव करत.

मी गेले. पहिली अडचण मवाशीची, म्हणजे सुमोच्या कमरपट्ट्याची. ताडपत्रीसारखं जाड, ताठ, पांढरं कापड. बायका ते चड्डी-लिओटार्डवरून बांधतात. ज्युदोचा पट्टा मी बाराव्या वर्षापासून स्वतःच बांधत आले होते. मवाशी एकटीने बांधता येत नाही. मैत्रिणीने दुसरं टोक ताणून धरलं आणि मी स्वतःभोवती फिरत फिरत त्यात गुंडाळले गेले. शेवटी ती मागे आली, माझ्या कमरेत गुडघा रोवला आणि गाठ आवळली. श्वास अडकला.

मग दोह्यो. ठोकून ठोकून सिमेंटसारखी झालेली माती, तिच्यात अर्धे पुरलेले पेंढ्याचे भारे, म्हणजे तावारा, आणि आत 4.55 मीटर व्यासाचा गोल. माझ्याहून ठेंगणी एक विद्यार्थिनी समोर होती. ती धडकली. मी सवयीने बाही शोधली, ती नव्हतीच. तिचा दंड धरला आणि फिरले, पूर्ण पाठ दिली. तिने मला टाकू दिलंच नाही. छाती माझ्या पाठीला लावून दोन पावलं चालली आणि मी तावाऱ्याबाहेर. लागलं काहीच नाही. अगदी पाठ दाखवून पळाल्यासारखं झालं.

दुसऱ्या खेपेला मी तोमोए-नागे केला. स्वतः पाठीवर पडायचं, पाय तिच्या पोटाला लावायचा आणि तिला डोक्यावरून भिरकावायचं. ती सुरेख उडाली. शाळेत असते तर सरांनी पाठ थोपटली असती. पंचाने हात तिच्या बाजूला केला. इथे चितपट नाही. तळपाय सोडून अंगाचा कुठलाही भाग आधी टेकला की हार. नुसतं बोट टेकलं तरी हार. मी तर सबंध पाठच टेकवली होती, तीही आपणहून.

सेन्सेई हसले नाहीत. ज्युदो विसरू नकोस, ज्युदोची कंबर खाली आण, एवढंच म्हणाले. त्या एका वाक्यात माझं वर्ष गेलं. ज्युदोत आम्ही ताठ उभ्या राहायचो. इथे मांड्या पेटेपर्यंत बसकं राहायचं आणि तळवे मातीवरून न उचलता सरकायचं. पाय मोठा घुमवून तिचा पाय कापायला गेलं तर तेवढा वेळ आपण एका पायावर असतो, आणि समोरच्या माणसाला तेवढा वेळ पुरतो. म्हणून ओ-उची-गारी छोटा झाला. छातीला छाती भिडवून पाय नुसता आतून अडकवायचा, त्याला इथे उचिगाके म्हणतात. सुमोच्या 82 अधिकृत डावांत इप्पोन्झेओई, म्हणजे माझाच जुना डाव, आहे; पण तो करणाऱ्याला पाठ द्यावीच लागते, म्हणून क्वचितच दिसतो. गंमत म्हणजे कावाझुगाके हा डाव इथे चालतो, ज्युदोत त्याला बंदी. एस्टोनियाचा बारुतो, जॉर्जियाचा तोचिनोशिन, दोघेही ज्युदो करून आलेले आणि दोघेही ओझेकीच्या पदापर्यंत चढलेले. त्यांच्या लढती मी पुन्हा पुन्हा बघायचे. दोघांचाही जीव मवाशीवरच्या पकडीत. ज्युदोतलं तोल घालवणं, कुझुशी, तेवढं सगळं कामाला येतं. फक्त फिरणं राहून जातं.

मला शेवटी जमला तो उवातेदाशिनागे. तिच्या हातावरून हात नेऊन मवाशी धरायची, पकडीच्या बाजूचा पाय मागे घ्यायचा, दार उघडावं तसं अंग उघडायचं आणि तिचाच जोर आपल्या बाजूने पुढे जाऊ द्यायचा. तोंड तिच्याकडेच राहतं.

एका छोट्याशा स्पर्धेत तिसऱ्या लढतीत समोर माझ्यापेक्षा बरीच जड बाई आली. तिने मला रेटत कडेला आणलं. टाच पेंढ्यावर चढली. अंगाला फिरायची हुक्की आलीच. खांदा अर्धा वळलाही. हात मात्र मवाशीवर होता. पाय पेंढ्यावरून कडेकडेने मागे घेतला आणि ती माझ्या शेजारून पुढे गेली. बाकी काही दिसलं नाही, फक्त मातीवर उमटलेला तिचा पंजा, पाचही बोटांसकट.

पुढची लढत मी तीन सेकंदांत हरले.

कपडे बदलायच्या खोलीत मैत्रीण आली. घामाने भिजून गाठ दगडासारखी झाली होती. "उशिरो," ती म्हणाली, म्हणजे मागची बाजू. मी तिला पाठ दिली.