मधले नाव

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्याला एक काम हमखास करावे लागते, ते म्हणजे दोन लिप्यांत चिठ्ठ्या लिहिणे. आमच्या दोंडाईच्यात एकाच घरातले आजोबा फक्त उर्दू वाचतात आणि सून मराठी शाळेत शिकलेली असते. त्यातून उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून आणायचा, तो मराठीत. नाव अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. म्हणून चिठ्ठीत मजकूर उर्दू आणि मुलीचे नाव मात्र देवनागरीत, अशी पद्धत मीच सुरू केली होती. तिचा मला थोडा अभिमानही होता.

मी शाळेत शिकत होते तेव्हा प्रश्नपत्रिका हाताने लिहिल्या जात. नस्तालीकचा कातिब कलम उचलून ओळ तोलायचा आणि मध्ये इंग्रजी किंवा मराठी शब्द आला की आधी त्याची जागा मोजायचा. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकमुळे 1981 मध्ये हे अक्षर यंत्रावर आले. 1994 मध्ये इनपेज निघाले आणि गावोगावच्या टायपिंगच्या दुकानांत उर्दू छापली जाऊ लागली. कातिब मागे पडला. पण ओळीत परकी लिपी आली की जागा मोजायचे त्याचे काम कुणी तरी करायलाच हवे होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

त्या रात्री साठेक चिठ्ठ्या करायच्या होत्या. घरच्या कॉम्प्युटरला माऊस नव्हता, म्हणजे होता पण बिघडलेला. सगळे काम किबोर्डवर. एक चिठ्ठी तयार केली, तिचीच नक्कल करून पुढच्या मुलीचे नाव घालायचे. शिफ्ट आणि कंट्रोल दाबून बाणाची कळ मारली की एकेक शब्द निळा होतो, मग त्यावर नवे नाव लिहायचे. शाळेतल्या कॉम्प्युटरवर हे मी शंभर वेळा केले होते.

घरच्या कॉम्प्युटरवर दुसरा प्रोग्राम होता. उर्दू शब्दांवर तो नीट चालला. मराठी नावाशी आल्यावर मात्र डावा बाण मारला आणि निळा पट्टा नावाच्या उजव्या टोकाला लागण्याऐवजी थेट डाव्या टोकाला उमटला. मध्ये आडनाव आणि वडिलांचे नाव तसेच पांढरे. एकच निवड, पण दोन तुकडे! शाळेतल्या प्रोग्राममध्ये तोच बाण डोळ्यांना दिसते त्या दिशेने सरकायचा. इथे तो वाचण्याच्या क्रमाने जात होता.

यामागचे कारण मी नंतर समजून घेतले. कॉम्प्युटर मजकूर साठवतो तो वाचण्याच्या क्रमाने: आधी उर्दू, मग मुलीचे नाव, वडिलांचे, आडनाव, मग पुन्हा उर्दू. पडद्यावर दाखवताना मात्र उर्दू उजवीकडून मांडतो आणि मराठी डावीकडून. त्यामुळे मुलीचे नाव, जे उर्दूनंतर लगेच साठवलेले असते, ते पडद्यावर सर्वांत लांब जाऊन बसते. अक्षरे कशी मांडावीत याचा नियम युनिकोडने घालून दिला आहे. पण बाणाची कळ कुठे सरकावी, हे तो नियम ठरवत नाही. ज्याने त्याने आपापले ठरवले. खरे तर आमच्या चौथीतल्या मुलांना हे येते. उर्दू ओळीत 1948 लिहायचे असले की मुलगा पेन्सिल उचलतो, डावीकडे जागा सोडतो, एकापासून आठापर्यंत लिहितो आणि परत उडी मारून आकड्याच्या पलीकडे जातो. कुणी शिकवलेले नसते. हात शिकतो.

माझा हात त्या रात्री थकला होता. दोन मुलींचे आडनाव एकच होते, म्हणून पहिले दोन शब्द बदलायचे होते. कळ दोनदा दाबली. पहिल्या दाबात फक्त मधली रिकामी जागा निवडली गेली, दुसऱ्यात मुलीचे नाव. पट्टा डावीकडच्या उर्दूला टेकलेला दिसला, मी समजले दोन्ही शब्द आले. वर नवी दोन नावे लिहिली आणि पुढे गेले.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीची आई मधल्या सुट्टीत आली. व्यापाऱ्याकडे मिरचीचे देठ खुडायला जाते ती. हात लाल, डोळे त्याहून लाल. पदराखालून चिठ्ठी काढून पुढे धरली आणि हळूच म्हणाली, "आपा, हमारी बच्ची के दो बाप लिख दिए."

मी वाचले. मुलीचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, आणि त्याला लागून दुसऱ्या मुलीच्या वडिलांचे. मग आडनाव. तिचा नवरा वारून दीड वर्ष झाले होते. चिठ्ठी आधी दिराच्या हातात पडली होती. दिराला मराठी वाचता येते. पुढे घरात काय बोलणे झाले ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. आमच्या मोहल्ल्यात विधवेच्या नावाशी परक्या माणसाचे नाव जोडायला कागदसुद्धा लागत नाही, आणि इथे तर शाळेचा शिक्का होता.

मी तिला कॉम्प्युटरचे सांगायला लागले. बाण, निळा पट्टा. अर्ध्यावर थांबले. ती ऐकत होती, पण माझ्या तोंडाकडे न पाहता चिठ्ठीकडे पाहत होती. "गलती मेरी है," मी म्हणाले. प्रोग्राम विचित्र वागतो हे मला दिसले होते. वाचून न पाहता छापले मीच.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. दिरासमोरच चूक कशी झाली ते सांगितले, दुसऱ्या मुलीची चिठ्ठीही दाखवली. तो "ठीक है, ठीक है" म्हणाला, चहा मागवला. त्याला पटले की नुसता मान राखला, कोण जाणे.

आता मी मराठी नाव ओळीत घालतच नाही, खाली वेगळ्या ओळीवर एकटे ठेवते. लग्नपत्रिकेसारखे दिसते म्हणून सहकारी हसतात. हसू देत. त्या मुलीची नवी चिठ्ठी मात्र मी छापलीच नाही. मजकूर हाताने लिहिला आणि नावाची जागा मोजून मोकळी सोडली. तिने वर्गातच बाकावर वाकून ते लिहिले, डावीकडून, तीन शब्द. आई दाराशी उभी होती. जुनी चिठ्ठी तिने माझ्या हातून मागून घेतली आणि फाडून तुकडे पदराच्या गाठीत बांधून नेले.