परंड्याची काळी माती आणि जीपचा छोटा दांडा

बार्शीहून परंड्याला निघालात की दोन्ही बाजूंना काळं रान दिसू लागतं. धाराशिव जिल्ह्याचा हा पश्चिमेकडचा कोपरा. जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत, तेव्हापासून लोक इथे भुईकोट किल्ल्यातल्या तोफा बघायला येतात. तोफा अजून आहेत, पण सगळ्यांत दांडगी मात्र नाही! ती ‘मलिक-ए-मैदान’. १५४९ साली अहमदनगरला ओतली, पुढे परंड्याला आली आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली. वजन सुमारे ५५ टन! ती ओढायला १० हत्ती, ४०० बैल आणि शेकडो माणसं लागली, असं सांगतात.

आता कल्पना करा, बैल सगळे जुंपलेत, पण निम्म्यांचे दोर सैलच आहेत. धडपड खूप, तोफ तिथल्या तिथे. जुन्या जीपच्या ‘फोर-व्हील’चं असंच होतं.

इथल्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस झाला की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत गच्च बसते. मग टायर कसला, गुळगुळीत गोळाच! अशा वेळी पाणंदीच्या टोकाला असलेल्या वस्तीवरून आजारी माणसाला दवाखान्यात आणायचं तर? ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला, तेव्हा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सास्तूरकडे, मदतीला निघालेल्यांनाही पाऊस आणि चिखल आडवे आले होते.

जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी छोटे दांडे असतात. त्यांतला एक ओढला की इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही मिळते. मिळायला हवी! पण दांडा हलला म्हणजे आतले दाते गुंतलेच, असं नाही. ते चिखलात कळण्यापेक्षा घरच्या अंगणात कळलेलं बरं. बाबांना किंवा काकांना सोबत घ्या, आणि जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, बरं का!

जमीन सपाट हवी. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा. गाडी गिअरमध्ये टाकून फोर-व्हीलचा दांडा ओढा. पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हातानं फिरवून बघा. थोडं हलून अडलं? शाबास, फोर-व्हील लागलंय. गरगर फिरतंय? मग बाजूला उभं राहूनच वाकून बघा. पुढच्या चाकांकडे जाणारा लोखंडी शाफ्टही फिरत असेल, तर गडबड दांड्याकडे. बहुतेकदा खालच्या जोडणीत चिखल सुकलेला असतो, गंज चढलेला असतो, त्यामुळे दांडा अर्ध्यातच थांबतो. आधी साफसफाई आणि तेल; मिस्त्रीचा खर्च नंतर. आणि शाफ्ट गप्प, चाक मात्र फिरतंय? मग दोष चाकाच्या बाजूला. काही जीपच्या पुढच्या चाकांवर मधोमध हातानं फिरवायचं बटण असतं. ते ‘लॉक’वर नसेल तर चाक मोकळंच राहणार. बटण ठीक असेल, तर आतला ॲक्सल तुटलेला असू शकतो. ते काम मिस्त्रीचंच.

एक गंमत मात्र आधीच सांगून ठेवतो. सगळं ठणठणीत असूनही गाडी रुतते! साध्या जीपमध्ये ताकद सोप्या बाजूला पळते. पुढचं एक आणि मागचं एक चाक गरगरतं, उरलेली दोन ढिम्म. तेव्हा ॲक्सिलरेटर दाबत बसाल तर खड्डाच खणाल. त्यापेक्षा शेजारच्या बांधावरून तुराट्या आणून गरगरणाऱ्या चाकांखाली घाला. चारही टायर एकाच मापाचे हवेत, हेही बघा. नाहीतर पुढची आणि मागची चाकं आपसांत भांडतात.

हेच भांडण डांबरी रस्त्यावरही होतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, पण फोर-व्हील लागलेलं असताना त्यांना तेवढी मोकळीक मिळत नाही. चिखलात चाकं घसरून हिशेब भागवतात, डांबरावर कशी भागवणार? म्हणून बार्शीचा रस्ता लागला की दांडा परत ढकलायचा. अडकून बसला, तर हातोडी शोधू नका. मागे कुणी नाही ना, ते बघायला सांगून गाडी दोन-चार हात रिव्हर्स घ्यायची. आतला ताण सुटतो आणि दांडा अलगद जागेवर येतो.