उघडी पेटी

पेटी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे हार्मोनियम उभी राहते. संगीत नाटकात, भजनी मंडळात आणि चर्चच्या गायनवृंदात ती इतकी घरचीच होऊन बसली आहे की, ही परक्या मुलखातून आलेली पाहुणी आहे असे सांगितले तर कुणाला चटकन खरे वाटणार नाही. वस्तुतः १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी तिचे पेटंट घेतले होते. आपल्याकडे ती रुळली खरी, पण सुखासुखी नव्हे. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला प्रक्षेपणाबाहेर ठेवले होते. तिच्यावरील आरोप असा की, तिच्या पट्ट्यांवर स्वर जखडलेले आहेत. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्या हातून होत नाही. चर्चचा अनुभवही याहून फार वेगळा नाही. १९५८ साली रोमहून निघालेल्या संगीतविषयक सूचनापत्राने विद्युत ऑर्गनला सवलत दिली ती तात्पुरती, आणि तीही जेथे पाइप ऑर्गन घेण्याची ऐपत नाही तेवढ्यापुरती.

नव्या वाद्याकडे आधी संशयाने पाहायचे, मग त्याची सवय व्हायची आणि शेवटी त्याच्यावाचून करमेनासे व्हायचे, ही जगाची रीतच आहे. म्हणून आज ज्या पेटीविषयी आम्ही लिहीत आहोत, तिच्याकडे वाचकांनी थोड्या मोकळ्या मनाने पाहावे, अशी विनंती आहे.

तिचे नाव मॉड्युलर सिंथेसायझर. आपल्या गायनवृंदात जो कीबोर्ड असतो तोही सिंथेसायझरच्याच कुळातला. पण तो बंद पेटी. एक बटण दाबले की बासरी, दुसरे दाबले की व्हायोलिन. आत काय घडते ते वाजवणाऱ्याला दिसत नाही आणि दिसण्याची गरजही भासत नाही. मॉड्युलर सिंथेसायझर ही उघडी पेटी. एका चौकटीत शेजारी शेजारी बसवलेले सुटे खण. प्रत्येक खण म्हणजे एक मॉड्यूल, आणि प्रत्येकाकडे आपले ठरलेले काम. एक खण मूळ नाद उत्पन्न करतो, त्याला ऑसिलेटर म्हणतात. दुसरा त्या नादातील नको तो अंश गाळून टाकतो, तो फिल्टर. तिसरा आवाज लहानमोठा करतो. चौथा तो नाद कसा उमटावा, किती टिकावा आणि कसा विरावा हे ठरवतो. वादकाने लहान लहान केबलींनी हे खण एकमेकांशी जोडायचे. जोडणी बदलली की जणू वाद्यच बदलते.

या केबलींतून खेळतो तो विजेचा दाब. बहुतेक पेट्यांत हा दाब एका व्होल्टने वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर चढतो. दाब हळूहळू वाढवला तर स्वरही पायऱ्यांवाचून चढत जातो. हार्मोनियमवर जो आरोप होता तो या पेटीला लागू पडत नाही. मात्र तिची एक गंमत आहे. केबली काढल्या की ती जोडणी मोडली आणि तो नादही गेला. उद्या तोच नाद पुन्हा हवा असेल तर तो कसा घडला हे वादकाला ठाऊक असावे लागते. म्हणजे ही पेटी वादकाला कानांनी आणि बुद्धीने जागे राहायला लावते. तिच्यापुढे आयत्या पिठावर रेघोट्या ओढता येत नाहीत.

अमेरिकेत १९६४ च्या सुमारास या वाद्याचा जन्म झाला. न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइश यांच्या साहाय्याने आपली पेटी घडवली. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुकला यांनी मॉर्टन सबॉटनिक आणि रॅमॉन सेंडर या संगीतकारांसाठी दुसरी घडवली. मूग यांनी पियानोच्या पट्ट्या जोडल्या. बुकला यांनी त्या मुद्दाम टाळल्या, कारण पट्ट्या आल्या की बोटे जुन्याच वाटेने जातात असा त्यांचा कटाक्ष होता. १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी मूगच्या पेटीवर बाखच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या. पेटीतून एका वेळी एकच स्वर निघे. म्हणून प्रत्येक स्वरपंक्ती निराळी मुद्रित करून एकीवर दुसरी चढवावी लागली. ती तबकडी जगभर गाजली.

आता आमच्या वाचकांना नवल वाटेल अशी गोष्ट सांगतो. मूगची ही पेटी १९६९ सालीच भारतात येऊन दाखल झाली होती. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेत अमेरिकन वादक-संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिचा स्टुडिओ उभारून दिला. गीता साराभाई तेथे काम करीत होत्या. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या त्याच. त्यांच्याबरोबर अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा असे आणखी काही जण होते. दोन-तीन वर्षे प्रयोग चालले आणि मग पेटी मुकी झाली. ध्वनिफितींची रिळे संस्थेच्या संग्रहात पडून राहिली. पॉल पर्गास या ब्रिटिश कलावंताने ती शोधून काढली. २०२० साली बीबीसीवर त्यांविषयी कार्यक्रम झाला आणि २०२३ साली त्यांतील निवडक संगीत प्रसिद्ध झाले. मधल्या अर्धशतकात किती थोड्यांना याची वार्ता होती! यंत्र होते, प्रतिभा होती. पण विद्या त्या खोलीच्या उंबरठ्याबाहेर पडली नाही. मूगची पेटी कितीही उघडी असो, तिची खोलीच बंद राहिली.

याच्या उलट उदाहरणे पाहावीत. १९८३ साली अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता येईल अशी एक भाषा तयार झाली. तिचे नाव मिडी. ती कोणीही वापरावी, तिच्यासाठी शुल्क नाही, असे ठरले. आणि म्हणूनच ती टिकली. पुढे जर्मनीत म्युनिकजवळ डीटर डोफर यांनी १९९५ साली आपली लहान आकाराची मॉड्युलर पेटी सादर केली. खणाची उंची साडेबारा सेंटिमीटरांहून थोडी अधिक, बारीक केबली, विजेचा ठरावीक पुरवठा. या मापांना कुलूप न घातल्यामुळे इतर कारागीरही त्याच मापाचे खण घडवू लागले. यालाच आज युरोरॅक म्हणतात. जगभरातील लहानमोठ्या कारखान्यांत, कित्येकदा घरातल्या एका टेबलावर, घडलेले हजारो प्रकारचे खण या एकाच चौकटीत शेजारी नांदतात. फ्रान्समधील एमिली जिये यांनी तर आपल्या गाजलेल्या खणांचे आराखडे आणि आज्ञावल्याही सर्वांसाठी खुल्या केल्या. २०२२ साली त्यांनी आपला व्यवसाय थांबवला; त्यांचे खण मात्र इतरांच्या हातून आजही घडत आहेत. विद्या दिल्याने वाढते, हे वचन याहून निराळे काय सांगते?

ही पेटी महाग आहे, हे खरे. एकेक खण घेत गेले तर मध्यमवर्गीय कुटुंबाचे अंदाजपत्रक कोलमडेल. परंतु २०१७ साली अँड्र्यू बेल्ट यांनी व्हीसीव्ही रॅक नावाची संगणकावरील मॉड्युलर पेटी काढली. तिची मूळ आवृत्ती विनामूल्य आहे. आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन तरुणाने ती आपल्या जुन्या लॅपटॉपवर आम्हाला दाखवली. पडद्यावर खण, पडद्यावरच रंगीबेरंगी केबली. तास-दोन तास खटपट करून त्याने षड्जापासून पंचमापर्यंत एक संथ मींड काढली, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्याची आई मात्र दारातून म्हणाली, “फादर, याला जरा समजवा, दिवसभर नुसती घूंऽऽ घूंऽऽ चालते.” तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण शिकाऊ व्हायोलिनची घरघरही अनेक घरांनी सोसली आहे, हे आम्ही तिला सांगितले.

व्हायोलिनचा उल्लेख आला तेव्हा एक सल उघड बोलून टाकणे बरे. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी फार मोठ्या प्रमाणावर उभा केला. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना बांधणारे सेबास्तियन डिसोझा, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ही त्यांतील मोठी नावे; त्यांच्यामागे शेकडो अनाम हात होते. चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकलेल्या त्या हातांवर कित्येक कुटुंबे जगली. १९८२ साली त्याच मुंबईत चरणजित सिंग यांनी जपानी सिंथेसायझर आणि ताल-यंत्र घेऊन दहा राग वाजवले. तबकडी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशी रसिकांनी तिला डोक्यावर घेतले. पण यंत्रांनी दार मात्र ठोठावले होते. नंतरच्या दशकांत मिडीच्या जोरावर एक माणूस एका खोलीत बसून साऱ्या वाद्यमेळाचे काम करू लागला आणि स्टुडिओतील व्हायोलिनच्या रांगा विरळ होत गेल्या. अशा एका निवृत्त वादकाला आम्ही ओळखत होतो. यंत्राविषयी त्यांच्या मनात राग नव्हता. ते एवढेच म्हणत की, पूर्वी चूक झाली तर साठ जण पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे, त्यात जी सोबत होती ती आता कुठे आहे?

या प्रश्नाला आमच्यापाशी सोपे उत्तर नाही. मिडीची भाषा सर्वांना फुकट मिळाली, तरी तिची किंमत कोणीतरी मोजलीच. म्हणून विद्या खुली असणे पुरेसे नाही. ती ज्यांच्या पोटावर येते त्यांच्याही हाती पोचली पाहिजे. जे वादक वेळीच संगणक शिकले, त्यांचा तयार कान तेथेही कामी आला. ज्यांना कोणी शिकवलेच नाही, ते मागे राहिले. हा दोष यंत्राचा म्हणावा की आपला?

आज हे तंत्र आणखी पुढे गेले आहे. मिडीच्या जुन्या भाषेत पट्टी किती जोराने दाबली हे सांगायला १२८ पायऱ्या होत्या; २०२० साली स्वीकारलेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्या ६५,५३६ झाल्या. प्रत्येक स्वराला स्वतंत्रपणे वळवण्याचीही सोय आली. ज्या संगीताचा प्राणच दोन स्वरांच्या मधल्या जागेत आहे, त्या आपल्या संगीताला ही लहान गोष्ट नव्हे. दुसरीकडे सुनो आणि युडिओ यांसारखी साधने निघाली आहेत. चार ओळी लिहून द्याव्यात आणि क्षणभरात संपूर्ण गाणे, गायकाच्या आवाजासह, तयार मिळावे. आपल्या ध्वनिमुद्रणांवर परवानगीविना ही यंत्रे पोसली, असा दावा मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी २०२४ साली अमेरिकेत दाखल केला. २०२५ मध्ये काहींनी समझोतेही केले. कंपन्यांचा हिशेब कंपन्या पाहतील. आमची काळजी निराळी आहे. ही आजवरची सर्वांत बंद पेटी आहे. तिच्यातून गाणे बाहेर येते, पण गाणाऱ्याला काही शिकवून जात नाही; आणि ज्या असंख्य वादकांचे सूर तिने गिळले, त्यांची नावेही सांगत नाही.

पालकांनी म्हणून यंत्राच्या नावाने बोटे मोडू नयेत; आपला मुलगा वा मुलगी कोणत्या पेटीपुढे बसली आहे, उघड्या की बंद, एवढे पाहावे. केबलींच्या गुंत्यात बसून एक स्वर लावण्यासाठी जो धडपडतो त्याचा कान घडत असतो. त्याची घूंऽऽ घूंऽऽ सोसावी. आणि धर्मग्रामाच्या सभागृहात आठवड्यातून एक संध्याकाळ अशी असावी की, जेथे थकलेले व्हायोलिनवादक आणि लॅपटॉपवाले तरुण एका बाकावर बसतील. तरुणांना यंत्र येते, सोबतीने वाजवणे येत नाही. वडीलधाऱ्यांना ते येते, यंत्र येत नाही. दोघांच्या मधली केबल जोडायला फारसा खर्च येत नाही. ती वेळेवर जोडली गेली नाही तर अहमदाबादच्या त्या खोलीसारखे होईल. रिळे राहतील, आणि ऐकणारा पन्नास वर्षांनी परक्या देशातून यावा लागेल.