उजवीकडची सीट

विमान चालवायला शिकणारा डावीकडे बसतो आणि शिकवणारा उजवीकडे. गेली काही वर्षं मी डावीकडे बसतोय. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या विमानतळावर शनिवार-रविवार घालवून आधी प्रायव्हेट, मग इन्स्ट्रुमेंट, मग २५० तास भरल्यावर कमर्शियल, असं एकेक पदरात पडलं. आता फ्लाइट इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेची तयारी चालू केलीय. त्यासाठी सगळ्यात आधी काय करायचं, तर उठून पलीकडे जाऊन बसायचं.

ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण सेसना १७२ मध्ये डावा हात योकवर आणि उजवा थ्रॉटलवर, ही सवय हाडात मुरलेली असते. आता सगळं उलटं. वेग-उंची दाखवणारी मीटर्स दुसऱ्याच्या पुढ्यात, ती मान वाकडी करून वाचायची. उतरताना नाक सरळ आहे असं वाटतं, तेव्हा ते हमखास थोडं तिरकं असतं. थोडक्यात, डाव्या हाताने वरणभात कालवायचा. आणि हे करताना तोंडही चालू ठेवायचं! हात जे करतायत ते त्याच वेळी शब्दांत सांगायचं. आपणच लिहिलेला, एकही कॉमेंट नसलेला जुना कोड नव्या माणसाला समजावून सांगितला असेल, तर कल्पना येईल.

लेखी परीक्षा दोन. त्यातल्या एकीत विमानाचं जवळजवळ नावही नाही. ५० प्रश्न, सगळे शिकवण्यावर. माणूस शिकतो कसा, घाबरला की काय करतो, वगैरे. एफएएच्या पुस्तकात शिकण्याच्या चार पायऱ्या दिल्यात: पाठ असणं, समजणं, वापरता येणं, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध लावता येणं. आमचं इंजिनिअरिंग पहिल्या पायरीवर आटोपलं होतं. व्हायवाच्या आदल्या रात्री जर्नल उतरवलेल्यांना वेगळं सांगायला नको. असो.

त्याच पुस्तकात थॉर्नडाइकच्या नियमांवर आधारलेली एक यादी आहे. तिच्यातला एक नियम डोक्यातून जात नाही. जे पहिल्यांदा शिकलं जातं ते सगळ्यात घट्ट बसतं, मग ते बरोबर असो की चूक.

हे बायकोवर करून बघितलं. (घरात व्हाइटबोर्ड आणलाय, ती बिचारी माझी पहिली विद्यार्थिनी.) तिला विचारलं, विमान खाली जायला लागलं तर काय करशील?

"अरे, नाक वर करीन. त्यात काय विचारायचं?"

शंभरातले नव्वद जण हेच म्हणतील. पण पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंखाला चिकटून वाहणारी हवा सुटते आणि त्याची उचल कोसळते. हाच स्टॉल. तेव्हा योक ओढला तर कोन आणखी वाढतो. जमीन समोर दिसत असताना योक पुढे ढकलायचा, हे शरीराला शिकवावं लागतं. आपणहून ते कुणालाच येत नाही.

१२ फेब्रुवारी २००९ ला नेवार्कहून बफेलोला जाणारं कोल्गन एअरचं ३४०७ असंच पडलं. स्टॉलची सूचना म्हणून योक थरथरायला लागला आणि कॅप्टनने तो मागे ओढला. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक जण गेला. याला त्याचा पहिला गुरू जबाबदार, असं मी अजिबात म्हणत नाही. पण तो अहवाल वाचल्यापासून 'पहिल्यांदा शिकलेलं' या शब्दांचं वजन बदललंय.

त्या अपघातानंतर, २०१३ मध्ये, अमेरिकेत एअरलाइनच्या को-पायलटलाही साधारण १५०० तासांची अट आली. ते तास भरायचा सोपा मार्ग म्हणजे इन्स्ट्रक्टर होणं. म्हणजे गंमत बघा, सगळ्यात घट्ट बसणारा धडा बरेचदा सगळ्यात नवखा माणूस देतो. मला एअरलाइनमध्ये जायचं नाहीये. पैशाचं म्हणाल, तर माझ्या व्हिसावर दुसरीकडून पगार घेता येत नाही, तेव्हा तोही प्रश्न मिटला. पण नवखा मीही असणारच.

खरी धास्ती याचीच आहे. चुकू दिल्याशिवाय कुणी शिकत नाही. उतरताना विद्यार्थ्याने नाक जरा जास्त उचललं, तर किती सेकंद हात मांडीवर ठेवायचे? लगेच धरलं तर तो काही शिकला नाही, उशिरा धरलं तर... आमच्या ऑफिसात ज्युनिअरने बिल्ड तोडला तर रोलबॅक करता येतो. इथे 'माय कंट्रोल्स' म्हणायचं आणि समोरच्याने योक सोडेपर्यंत वाट बघायची. घाबरलेला माणूस तो सोडतोच असं नाही. त्या सेकंदांचा आकडा मात्र कुठल्याही पुस्तकात नाही. मी शोधला.

पुढची पायरी स्पिनची. विमान स्टॉल होऊन गरगरत खाली जातं, ते मुद्दाम करून बाहेर पडायचं. पॉवर बंद, एलेरॉन सरळ, रडर फिरकीच्या विरुद्ध, योक पुढे. प्रायव्हेट पायलटला हे १९४९ पासून सक्तीचं नाही, इन्स्ट्रक्टरला आहे. लॉगबुकात तशी सही लागते.

शनिवारी सकाळी ९ ला सिटाब्रिया बुक केलंय. हलकंच खाऊन या, असं शिकवणाऱ्याने दोनदा बजावलंय. बायकोने मिसळीचा बेत रविवारवर ढकललाय :)