अब्बांची बॅटरी

अब्बा गेले ते दुपारी. बहीण पुण्याहून यायची होती. तिला शेवटचं तोंड पाहता यावं म्हणून इशाच्या नमाजनंतर जनाजा उठवायचं ठरलं. आमचं गाव भूम तालुक्यातलं, कब्रस्तान ओढ्याच्या पलीकडे. त्या दिवशी संध्याकाळपासूनच लाईट गेलेली होती.

मी आणि चुलतभाऊ कब्रीत उतरलो. वर चाळीस-पन्नास माणसं उभी होती. बहुतेकांच्या हातात मोबाईल आणि मोबाईलचा उजेड सुरू. पण तो सगळा उजेड आमच्या डोळ्यांवर येत होता आणि खाली आमच्याच सावल्या पडत होत्या. कफनाच्या गाठी मी हातानं चाचपून सोडल्या. चेहरा किब्ल्याकडे वळवायचा होता. गोरकनचाचा वरून म्हणाले, ‘मूं बराबर किब्ले के तरफ हय ना? देखो बेटा.’

मी ‘हौ’ म्हणालो. खरं म्हणजे मला दिसलं नव्हतं.

तेवढ्यात कब्रीच्या कडेला कुणीतरी गुडघे टेकून बसलं आणि एक हात खाली आला. हातात बोटाएवढी बॅटरी. तिचा मऊसा उजेड थेट अब्बांच्या चेहऱ्यावर पडला. चेहरा अजून आभाळाकडेच होता. मी तो नीट वळवला, पाठीशी मातीचा आधार दिला आणि मग फरशा बसवल्या. उजेड धरणारे अण्णा होते. गावातले निवृत्त पोस्टमन, अब्बांचे लहानपणापासूनचे मित्र. सत्तरी ओलांडलेला माणूस त्या ओल्या मातीत शेवटची फरशी बसेपर्यंत तसाच बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी अण्णा घरी आले, तेव्हा मी विचारलं, ‘अण्णा, ती बॅटरी कसली होती?’

‘एका सेलची आहे रे. पोरानं लातूरहून आणली. पण खिशात बॅटरी ठेवायची सवय तुझ्या बापानं लावली मला.’

ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण अब्बांना बॅटरी देणं मीच बंद केलं होतं.

आमच्याकडे टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतात आणि बॅटरीत घालायच्या त्या ‘सेल’. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. ‘विजेरी’ हा शब्द फळ्यावर लिहिला की वर्गात शांतता पसरते. ‘बॅटरी रे,’ म्हटलं की सगळे हसतात. अब्बांची बॅटरी दोन मोठ्या सेलची, पत्र्याची, चकचकीत. शेताला लाईट आठवडा पाळीनं असायची, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात अब्बा दोन वाजता उठून ज्वारीला पाणी द्यायला जायचे. बॅटरी विहिरीसाठी, मोटारीच्या पेटीसाठी आणि मुख्य म्हणजे पायाखालच्या जिवाणूसाठी. आपल्याकडे माणसं दगावतात ती बहुतेक नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांनी. त्यातली मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश अनेकदा कळतही नाही. अब्बा म्हणायचे, ‘अंधेरे में पांव रखने से पहले बत्ती रखना.’

पुढे मी त्यांना मोबाईल घेऊन दिला. ‘यात बॅटरी आहे, आता सेलवर पैसे कशाला घालवता?’ असं म्हणालो. तालुक्याला सेल आणायला मी सांगितलं, तर दोनदा विसरलोही. अब्बांनी पुन्हा मागितले नाहीत.

चाळिसाव्यानंतर ट्रंक उघडली तेव्हा ती पत्र्याची बॅटरी जुन्या लुंगीत गुंडाळलेली सापडली. सेल आतच फुटले होते. त्यातला पदार्थ बाहेर येऊन स्प्रिंग गंजली होती. तिथेच ठरवलं, की आता घरात आणि खिशात नेहमी बॅटरी असेल. पण मी विनाअनुदानित शाळेतला मास्तर. दोन-तीन हजारांची बॅटरी मला झेपणारी नाही. मग स्वस्तात चांगली कोणती? या प्रश्नात मी दीड महिना घालवला. त्यातून जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो, कुणाचे तरी पैसे वाचतील.

पहिली चूक मीच केली. बाजारातून नव्वद रुपयांची चार्जिंगची प्लास्टिकची बॅटरी आणली. तिच्यात शिशाचा छोटा सेल असतो. तो चार्ज न करता पडून राहिला की आतून मरतो. अम्मीनं ती दोन महिने कपाटात ठेवली आणि नेमकी हवी तेव्हा ती मिणमिणलीही नाही. जी वस्तू अडीअडचणीसाठी घ्यायची, ती पडून राहिल्यावर मरणारी असू नये, हा पहिला धडा.

दुसरा धडा जाहिरातींचा. ऑनलाइन पाहिलं तर तीनशे रुपयांच्या बॅटरीवर ‘एक लाख लुमेन’ लिहिलेलं. लुमेन म्हणजे बॅटरीतून निघणारा एकूण उजेड. अब्बांच्या जुन्या, तारेच्या बल्बच्या दोन सेलच्या बॅटरीचा उजेड दहा-पंधरा लुमेनच्या आसपास असेल आणि त्यावर त्यांनी तीस वर्षं शेती केली. तशाच जाहिरातींत १८६५० नावाचा सेल ‘९९०० एमएएच’चा म्हणून विकतात. हा आकडा म्हणजे सेलचं माप आहे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. एवढ्या मापात चांगल्या कंपनीचा सेलसुद्धा साधारण साडेतीन हजारांच्या आसपासच जातो. ९९०० छापणारा माणूस बाकी गोष्टींतही खरं बोलत असेल, असं मी धरत नाही.

खऱ्या कंपन्या एएनएसआय एफएल-१ नावाचं मानक पाळतात. ते अमेरिकेत २००९ साली आलं. पण तेही वाचता यायला हवं. त्यात ‘इतके तास चालते’ याचा अर्थ, उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. आणि ‘इतके मीटर जाते’ याचा अर्थ, जिथे उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो तिथपर्यंत. चांदण्यात माणूस आहे एवढं कळतं, साप कळत नाही. म्हणून खोक्यावर शंभर मीटर लिहिलं असेल तर मी पन्नासच्याही आत धरतो.

तिसरा धडा सेलचा, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. चार्जिंगवाल्या बॅटरीत बहुधा लिथियमचा सेल असतो. उजेड जास्त, वजन कमी. पण सेल आत पक्का बसवलेला असेल, तर तो खराब झाला की बॅटरीही गेली. शिवाय आमच्या गावात लाईटच नसते, त्या दिवशी चार्ज कुठे करणार? म्हणून मी एका डबल ए सेलवर चालणारी घेतली. हा सेल भिंतीवरच्या घड्याळात असतो, रिमोटमध्ये असतो, गावातल्या किराणा दुकानात मिळतो. घरी पुन्हा चार्ज होणारे निकेलचे दोन सेल आणि एक साधा चार्जर ठेवला आहे. एक सेल बॅटरीत, एक भरून तयार. दोन्ही रिकामे झाले तर घड्याळ बंद पाडायचं, वेळ मोबाईलवर कळते.

इथे एक सावधगिरी सांगतो. १४५०० नावाचा लिथियमचा सेल दिसायला हुबेहूब डबल ए सारखाच असतो. पण साधा सेल दीड व्होल्टचा आणि हा ३.७ व्होल्टचा. बॅटरीच्या कागदावर तो चालतो असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घालू नका, आतली एलईडी जळेल.

चौथा धडा अण्णांनी नकळत दिला होता. त्या रात्री त्यांचा उजेड प्रखर नव्हता, म्हणूनच कामाचा होता. माणसाचा डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका झगझगीत झोतानं ते सगळं वाया जातं. म्हणून सगळ्यात मंद उजेड किती मंद आहे, हे आधी पाहावं. माझ्या बॅटरीत तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात खालची पाचेक लुमेनची. तहज्जुदला उठताना, सेहरीच्या वेळी लहान मुलं झोपलेली असताना, एवढा उजेड पुरतो. मी ती एकदा शुक्रवारी मगरीबनंतर लावून कपाटावर ठेवली, तर रविवारी पहाटे फजरलाही ती जळत होती. वरच्या पायरीवर, साधारण शंभर लुमेनला, तीच पावणेदोन तासांत संपली.

उजेडाचा रंगही बघावा. स्वस्त बॅटरीचा उजेड निळसर पांढरा असतो. त्यात माती, पाचोळा, कापड सगळं एकाच रंगाचं दिसतं. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलं असेल तर तो निळसर, ४००० ते ५००० असेल तर दुपारच्या उन्हाजवळचा. माणसाचा चेहरा माणसाच्या रंगाचा दिसावा, एवढं मला हवं होतं.

उरलेलं थोडक्यात. पाण्यासाठी आयपीएक्स ४ म्हणजे पावसाचे शिंतोडे चालतात, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. ओढा ओलांडणाऱ्यानं दुसरी घ्यावी. बटण मागच्या बाजूला आणि खटकन वाजणारं असावं, म्हातारी बोटं ते सहज शोधतात. खिशाला अडकवायची पट्टी असावी, आणि प्रवासात टोपण अर्धा फेरा सैल करून ठेवावं, म्हणजे पिशवीत ती आपोआप लागत नाही. साधे सेल असतील तर महिनोन् महिने आत विसरू नयेत. अब्बांच्या बॅटरीचं जे झालं ते त्यामुळेच.

मला पडली साडेसहाशेला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नावं आणि किमती दर वर्षी बदलतात. वरच्या गोष्टी पाहून घेतलीत तर चारशे ते आठशे रुपयांत आयुष्यभराची सोय होते.

आयुष्यभर हा शब्द अम्मीला पटला नाही. ‘साडेछेसौ? इत्ते में तो तेरे अब्बा के सालभर के सेल आते थे,’ म्हणाली. पण दुसरी तशीच तिच्यासाठी आणली, तेव्हा तिनं तिला परकराची जुनी नाडी ओवली आणि गळ्यात अडकवली. आता पहाटे वुजूला अंगणात जाताना उजेड आधी जातो, मागून अम्मी.

अब्बांची पत्र्याची बॅटरीही मी उघडली. फुटलेले सेल टाकून दिले. आतला गंज व्हिनेगरनं पुसला, म्हणजे बाहेर आलेला तो क्षार निघून जातो. स्प्रिंग घासली, नवे सेल घातले. लागली नाही. बल्ब गेला असेल म्हणून तालुक्यात तीन दुकानं पालथी घातली. आता तो बल्ब कुणी ठेवत नाही. मी ती तशीच, सेल काढून, अब्बांच्या टोपीशेजारी ठेवली आहे.

मला लोक म्हणतात, सर, मोबाईल असताना हे कशाला? मी वाद घालत नाही. मोबाईल आपण दिवसभर वापरतो आणि रात्री त्याच्यात जे उरेल तेवढ्यावर उजेड मागतो. पण अब्बांना मी तो हिशेब सांगितला तेव्हा पैसे वाचवल्याचा आनंद मलाच झाला होता, त्यांना नाही. म्हाताऱ्या माणसाची एखादी सवय आपल्याला जुनाट वाटते. तिच्यामागे तीस वर्षांच्या रात्री असतात, हे आपण विचारत नाही. मी विचारलं नव्हतं.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत मय्यत झाली. दफन मगरीबनंतरचं. नेहमीप्रमाणे वर मोबाईलचे उजेड, खाली सावल्या. मी कडेला गेलो, गुडघे टेकले आणि बॅटरी मधल्या पायरीवर लावून हात खाली सोडला. खाली उतरलेला मुलगा आपल्या आईच्या कफनाची गाठ शोधत होता. त्यानं वर न पाहताच म्हटलं, ‘थोडा इधर.’

मी थोडा इधर धरला.