जळालेला तिसरा भाग

फ्रान्झ मार्कच्या ‘प्राण्यांची नियती’ या चित्रात डोळा आधी निळ्या हरणावर जातो. मान मागे ताणलेली, गळा उघडा, आणि वरून झाड कोसळतंय. डावीकडे हिरवे घोडे बिथरलेत, त्यांच्या खाली रानडुकरं. सगळं रान तिरक्या, धारदार पट्ट्यांनी चिरत गेलेलं.

अर्थाची किल्ली मार्कनं आधीच देऊन ठेवली होती. 1910च्या डिसेंबरात आउगुस्ट माके या चित्रकार मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं रंगांचे स्वभाव सांगितले: निळा पुरुषी, करारी, आध्यात्मिक; पिवळा बायकी, सौम्य, हसरा; तांबडा म्हणजे जड, रांगडं द्रव्य. किल्ली फिरवली की निळं हरीण म्हणजे बळी जाणारा आत्मा. झालं! इतक्या झटक्यात उघडणाऱ्या कुलपाचा मला संशय येतो. त्या हरणासमोर पत्रातलं कोष्टक आठवतच नाही. त्या उघड्या गळ्यापुढे रंगाचा अर्थ नंतर सुचतो.

दुसरी किल्ली भविष्यवाणीची. चित्र 1913चं, पुढच्याच वर्षी महायुद्ध. 1915मध्ये या चित्राचं पोस्टकार्ड आघाडीवर मार्कच्या हाती पडलं तेव्हा तो हादरला. ही युद्धाची पूर्वसूचनाच होती, असं त्यानं पत्नी मारियाला कळवलं. 4 मार्च 1916 रोजी व्हर्दनजवळ तो मारला गेला, वय 36. माके तर 1914च्या सप्टेंबरातच गेला होता. एवढं माहीत झाल्यावर चित्रात दुसरं काही दिसणं कठीण. पण मार्क युद्धावर आपणहून गेला होता, आणि या होळीतून युरोप शुद्ध होऊन निघेल असं त्याला वाटत होतं. मग 1913चा हा वणवा भयाचा की शुद्धीचा? चित्राच्या मागे त्यानं, सगळं अस्तित्व म्हणजे धगधगती वेदना, अशा अर्थाचं वाक्य लिहून ठेवलंय. त्यात भयही आहे आणि, खरं सांगायचं तर, थोडी भक्तीही. पोस्टकार्ड पाहणारा सैनिक आपल्याच चित्राचा नवा प्रेक्षक होता. त्याचं म्हणणं ऐकावं, पण ते शेवटचं मानू नये.

मार्कच्या मृत्यूनंतर चित्र ठेवलेल्या गोदामाला आग लागली. चित्रातल्या नव्हे, खऱ्या आगीत उजवा तिसरा भाग जळाला. 1919मध्ये तो मार्कचा चित्रकार मित्र पाउल क्ले यानं छायाचित्रांच्या आधारे पुन्हा रंगवला. चित्राचं आजचं नावही क्लेनंच सुचवलेलं. पुढे नाझींनी ‘अधःपतित कला’ म्हणून हे चित्र हालेच्या संग्रहालयातून काढलं, आणि 1939मध्ये बाझलच्या कलासंग्रहालयानं ते विकत घेतलं.

तो उजवा भाग तपकिरी आहे. रेषा मार्कच्या, रंग क्लेचा. तिथे दाटीनं उभ्या असलेल्या प्राण्यांची जात सांगणंही अवघड, आणि माकेला पाठवलेलं कोष्टक तिथे काहीच कामाचं नाही. या तपकिरीला राख म्हणण्याचा मोह होतो. तेही प्रतीकच, फक्त आपण मागाहून चिकटवलेलं. मला त्यात क्लेचा संकोच दिसतो. 1914मध्ये माकेबरोबर ट्युनिशियाला जाऊन, रंग आपल्याला गवसला म्हणून हरखून परतलेला हा माणूस. मार्कचे झळझळीत रंग त्याला जमले नसते, असं मी मानत नाही. मेलेल्या मित्राच्या नावावर निळा-तांबडा खपवणं त्याला नको असावं. जोड दिसते, आणि ती त्यानं दिसू दिली आहे.