आधी पडदा, मग फोटो

सोमवार, ८ डिसेंबर

नव्या मॉनिटरवर आधी हळदीचे फोटो केले. तेव्हा कुणाच्या काही लक्षात आलं नाही, हळदीत सगळंच पिवळं. आज मिरजेच्या लग्नाचे मुख्य फोटो उघडले आणि अंतरपाट मलईच्या रंगाचा दिसला. मुंडावळ्यांचे मोती तसेच, नवरदेवाचं धोतर तसंच. कुंकवाचं स्वस्तिक केशरीकडे झुकलेलं.

स्टुडिओतला पोरगा म्हणाला, "दादा, कर्व्ह्जमध्ये निळा वाढवू काय? लगेच पांढरं होतंय." नको म्हणेपर्यंत त्यानं एक प्रत करून मोबाइलवर टाकलीसुद्धा. मोबाइलवर नवरानवरी दोघांचे चेहरे निळसर. मग मूळ फोटो त्याच मोबाइलवर पाहिला. अंतरपाट स्वच्छ पांढरा.

खात्रीसाठी एफ-८ दाबून इन्फो पॅनल उघडलं आणि ड्रॉपर अंतरपाटावर नेला. लाल २४३, हिरवा २४२, निळा २४१. तिन्ही आकडे जवळपास सारखे, म्हणजे रंग पांढराच. फोटो खरंच पिवळा असता तर निळ्याचा आकडा चांगलाच खाली आला असता. फाइल निर्दोष आहे, तिला हात लावायचा नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

हिशेबाची एक्सेल शीट याच पडद्यावर पांढरीशुभ्र दिसते. पिवळेपणा फक्त फोटोशॉपमध्ये आणि जुन्या फोटो व्ह्यूअरमध्ये. त्यामुळे नाईट लाईट किंवा मॉनिटरच्या बटणांतला 'वॉर्म' मोड यांच्यावरचा संशय फिटला. ते चालू असते तर एक्सेलही पिवळी झाली असती.

दुसरा संशय कंट्रोल-वायचा. वर्डवर हात बसलेला माणूस 'रीडू' म्हणून ही बटणं दाबतो. फोटोशॉपमध्ये त्यानं 'प्रूफ कलर्स' चालू होतं आणि छपाईत रंग कसे येतील ते पडद्यावर दिसू लागतं. तसं झालं असतं तर फाइलच्या नावाच्या पट्टीत आरजीबीच्या पुढे सीएमवायके लागलं असतं. लागलेलं नाही.

मग 'व्ह्यू'मधल्या 'प्रूफ सेटअप'मध्ये जाऊन 'मॉनिटर आरजीबी' निवडलं. पिवळा रंग तत्क्षणी गेला! या पर्यायात फोटोशॉप मॉनिटरचं प्रोफाइल बाजूला ठेवून फाइलमधले आकडे थेट पडद्याकडे पाठवतं. चोर सापडला.

पोराला समजावलं ते असं. फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. कोणता आकडा म्हणजे नेमका कोणता रंग, हे प्रोफाइल सांगतं. फोटोशॉप फोटोचं आणि मॉनिटरचं अशी दोन्ही प्रोफाइलं वाचून हिशेब जुळवतं. मॉनिटरच्या प्रोफाइलनं 'माझा पांढरा निळसर आहे' अशी खोटी माहिती दिली, की फोटोशॉप तेवढा पिवळा घालून भरपाई करतं. पारडी समतोल असताना पासंग टाकावा तसं. एक्सेल प्रोफाइल वाचतच नाही, म्हणून ती सुटली.

बुधवार, १० डिसेंबर

विंडोजच्या शोधपट्टीतून 'कलर मॅनेजमेंट' उघडलं, नवा मॉनिटर निवडला आणि 'यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस'वर टिक केली. यादीत मॉनिटरच्या ड्रायव्हरबरोबर आलेलं कंपनीचं प्रोफाइल डिफॉल्ट होऊन बसलेलं. ते काढलं, एसआरजीबीचं प्रोफाइल घातलं आणि तेच डिफॉल्ट केलं. फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडलं. अंतरपाट पांढरा, कुंकू लाल.

एसआरजीबी हे मोजमाप १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून मांडलं. साध्या मॉनिटरची झेप साधारण तेवढीच असते, म्हणून तात्पुरतं चालून जातं. वाइड गॅमटच्या मॉनिटरवर मात्र हाच उपाय केला तर लाल-हिरवे रंग भडक दिसतील.

फोनवर एकानं सल्ला दिला, की फोटोशॉपच्या 'कलर सेटिंग्ज'मध्ये वर्किंग स्पेस म्हणून मॉनिटरचंच प्रोफाइल टाका. ते करायचं नाही. मॉनिटरचं प्रोफाइल विंडोजमध्ये बसवायचं. वर्किंग स्पेस एसआरजीबी किंवा अ‍ॅडोबी आरजीबी.

शुक्रवार, १२ डिसेंबर

ओळखीच्या फोटोग्राफरकडून कॅलिब्रेटर आणला. मॉनिटर अर्धा तास तापू दिला, खिडकीचा पडदा ओढला, यंत्र स्क्रीनवर टेकवून लोंबतं सोडलं. उद्दिष्टं दिली ती नेहमीची: पांढरा ६५०० केल्विन, गॅमा २.२, उजेड चौरस मीटरला १२० कँडेला. यंत्रानं रंगांचे चौकोन एकामागून एक मोजले आणि शेवटी याच मॉनिटरचं स्वतःचं प्रोफाइल बनवून दिलं.

खरी गंमत उजेडात निघाली. मॉनिटर कंपनीतून येतो तोच डोळे दिपवणारा. अशा पडद्यावर फोटो उजळ दिसतो, म्हणून डिझायनर तो खाली उतरवतो आणि लॅबमधून अल्बम काळपट येतो. मग खापर फुटतं लॅबच्या माथी. पोराला नवा उजेड पसंत नाही. "दादा, स्क्रीन मेल्यागत दिसतीया." चार दिवसांत डोळा बसेल.

सोमवार, १५ डिसेंबर

दुसऱ्या कॅमेऱ्याचे फोटो नवरीकडच्यांच्या मोबाइलवर फिके दिसतात, शालूचा राणी रंग उतरलेला. फाइलींची नावं पाहताच कारण कळलं: 'आयएमजी' ऐवजी सुरुवातीला खालची रेघ आणि मग 'एमजी'. कॅनन कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर ठेवला की नाव असं पडतं. या मोजमापाचा आवाका एसआरजीबीपेक्षा मोठा. प्रोफाइल न वाचणाऱ्या ठिकाणी तेच आकडे एसआरजीबीचे समजले जातात आणि रंग मरगळतो.

उपाय 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल', 'असाइन' नव्हे. कन्व्हर्टमध्ये आकडे बदलतात, रंग तोच राहतो. असाइनमध्ये आकडे तेच राहतात, रंग बदलतो. आमची लॅब एसआरजीबीच मागते, त्यामुळे सगळ्या फाइली त्यातच करून पाठवल्या, प्रोफाइल जोडून.

पोरासाठी भिंतीवर चिठ्ठी लावली आहे. रंग बिघडलेला दिसला तर आधी आकडे बघ, मग दुसऱ्या पडद्यावर बघ, मग मॉनिटरचं प्रोफाइल बघ. या तिन्हींत काही सापडलं नाही, तरच कर्व्ह्ज उघड.